वास नसलेली मोटार

माझ्या बायकोला पेट्रोलच्या वासानं उलटी व्हायची, आणि मी मोटारीवर ड्रायव्हर. आमच्या संसारातली अर्धी भांडणं यातूनच निघाली. कामावरून आलो की ती अंगणातच अडवायची. "आधी आंग धुवा, मंग आत या." थंडी असो, पाहुणे असोत, घंगाळात पाणी तयार असायचं आणि बाजूला साबण. मी म्हणायचो, "अवं, मी का गटारात पडून आलो?" ती म्हणायची, "गटार परवडलं."

मागच्या हिवाळ्यात ती गेली. आता कोणी अडवत नाही, सरळ आत जातो. आत जाऊन करायचं काय, हा प्रश्न आहे. म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन कोणी तपासू नये. नावं कोणाचीच लिहीत नाही. यातली बरीचशी माणसं गेली, आणि जी आहेत ती भांडायला येतील.

लाखनीला एका शेठची धानाची मिल होती. त्यांची मोटार मी चालवायचो. सत्तर सालानंतरची दहा-पंधरा वर्षं म्हणा. लाखनी म्हणजे हायवे, रात्रंदिवस ट्रक. मिलच्या समोर चहाचं हॉटेल आणि त्याला लागून गॅरेज. संध्याकाळी तिथं आम्ही चौघं बसायचो, चौघंही गाडीवेडे. शेठ जुनी मोटार घ्यायचे ती बैलबाजारात बैल घेतल्यासारखी, चारी बाजूंनी फिरून, ठोकून, खाली वाकून. गॅरेजवाला उस्ताद पंजाबकडून ट्रकांसोबत आला आणि इथंच राहिला. गाडी सुरू असली की डोळे मिटायचा आणि आवाजावरून रोग सांगायचा. तिसरे गुरुजी, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांच्याजवळ होती फक्त सायकल, पण जगातल्या सगळ्या मोटारींची माहिती रद्दीतल्या मासिकांतून पाठ. चौथा मी.

आता बायकोच्या माहेराचं सांगतो, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माहेर आंबागड, तुमसरच्या पुढं, किल्ल्याच्या डोंगराखाली. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा, म्हणजे गाणी-सोंगांचा, खेळ होतो, आणि मुख्य म्हणजे लग्न होऊन गेलेल्या पोरी मंडईला माहेरी येतात. ज्या घरची पोरगी आली नाही, त्या घरी लोक विचारून विचारून आईचा जीव घेतात.

लग्नाची वरात ट्रकनं आली होती. त्या ट्रकमध्ये नवरीनं माझ्या नव्या धोतरावर उलटी केली. तिथूनच ओळख झाली आमची. त्यानंतर बरीच वर्षं ती इंजिनाच्या गाडीत बसली नाही. सासरे होते तोवर दरवर्षी मंडईला बंडी पाठवायचे. बैलांनी दोन दिवस चालत यायचं, तिला घेऊन दोन दिवस चालत जायचं. सासरे वारले आणि ते बंद पडलं. माझा साळा एकटा, दिवाळीला धानाची कापणी सुरू, इतके दिवस बैल आणि माणूस मोकळा कोण सोडणार? मग सासूच बसनं यायची लेकीला भेटायला. पुढं सासूला डोळ्यांनी दिसेनासं झालं, गुडघेही गेले. तिचं येणं थांबलं.

बसचा प्रयोग आम्ही केला. लिंबू हुंगून पाहिलं, कापूर पदरात बांधला, उपाशीपोटी बसवली. कंडक्टरनं घंटी मारल्यावर पाच-सात मिनिटांतच तिनं खिडकीतून कार्यक्रम सुरू केला. मागची बाई ओरडली, पुढच्या फाट्यावर बस थांबवली आणि आम्ही दोघं पायी परत आलो. वाटेत मला म्हणते, "माय इकडं येऊ शकत नाही, मी तिकडं जाऊ शकत नाही. म्हणजे आता तोंड पाहणं झालंच समजा." रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अशा वेळी शेठची ती मोटार आली. मोटार म्हणजे कशी आली, तर ट्रकवर चढून! सगळं लाखनी हसलं. नागपूरच्या कोण्या इंजिनियरनं एका जुन्या लहानशा विलायती मोटारीतलं इंजिन काढलं होतं, त्याजागी विजेची मोटर बसवली होती, आणि मागची सीट काढून तिथं बॅटऱ्याच बॅटऱ्या. पेट्रोल तेव्हा महाग होऊन राहिलं होतं. त्यानं शेठला सांगितलं, दिवाळी-मंडई सरेपर्यंत वापरून पाहा, पटली तर ठेवा, नाही तर परत. शेठला फुकटात गाडी वापरायला मिळाली तर ते रणगाडाही घेतील.

त्या संध्याकाळी हॉटेलात जी जुंपली, ती अजून कानात आहे.

उस्तादनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, पुन्हा बंद केलं. "इसमें कुछ है ही नहीं जी. हा रिकामा डब्बा आहे. मी याचं बिघडलेलं काय दुरुस्त करू?"

"बिघडायला काही नाही, हाच तर फायदा आहे," गुरुजी म्हणाले.

"तुमचा फायदा. मेरा धंदा?"

"ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. उस्ताद, हे उद्याचं वाहन आहे."

"उद्याचं आहे तर उद्या आणायचं होतं. आज तर याला भंडाऱ्याला न्या आणि परत आणून दाखवा."

शेठनं चहाची बशी खाली ठेवली. "इंजिनियर म्हणते, एका चार्जात भंडारा जाऊन-येऊन होते."

"म्हणते ना? त्याची पोरगी द्यायची असती तर तिलेबी गोरीच म्हणला असता," उस्ताद म्हणाला.

गुरुजी सांगत होते की चढावर जास्त करंट खाते, वजन वाढलं की अंतर कमी होतं. शेठ विचारत होते की लाइन गेली तर काय, कारण आमच्याकडं लाइन जायची ती पाहुण्यासारखी, सांगून नाही आणि लवकर परत नाही. उस्तादचं एकच. "आवाज नाही. जिस गाडी की आवाज नहीं, उसकी तबियत कैसे समझूँ?" मीही गाडीवेडा, मलाही गिअरच्या दांड्याशिवाय हात रिकामा वाटत होता. पण मी बॉनेट पुन्हा उघडून, आत नाक घालून हुंगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोला मिलच्या आवारात घेऊन आलो. ती लांबच थांबली. पदर नाकाला. मग दोन पावलं पुढं, पदर थोडा खाली. मासळी घेताना हुंगावी तशी तिनं मोटार सगळीकडून हुंगली. खिडकीत डोकं घातलं.

"कसा आहे वास?"

"रबराचा आहे. अन् जरासा आंबट, चिंचेवानी."

"ते बॅटरीचं आहे. ओकारी येऊन राहिली का?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, पोटाला विचारल्यासारखा. "नाही जी."

बसवली. आवारात धानानं भरलेल्या चुंगड्यांच्या थप्प्यांभोवती दोन चकरा मारल्या. मिलमधल्या बाया सूप टाकून पाहायला आल्या. माझी बायको समोरच्या सीटवर, मान सरळ, कोणाकडं पाहत नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "आंबागड किती दूर पडते?"

ती हा प्रश्न मला विचारत नव्हती. शेठ समोर उभे होते, त्यांना ऐकवत होती.

शेठ तसे मनाचे मोठे, पण फुकट देणार नाहीत. संध्याकाळी हॉटेलात त्यांनी निकाल लावला. "गाडी ठेवायची का परत करायची, हे तर मले ठरवायचंच आहे. घेऊन जा आंबागडच्या मंडईला. पोचली तर ठेवतो. नाही पोचली तर जशी टरकात आली तशी टरकात जाईल."

उस्ताद म्हणाला, "पोचली तर मी स्वतः तिला झेंडूचा हार घालीन. और नहीं पहुँची तो गुरुजी एक महीना चूप बैठेंगे."

गुरुजींनी लगेच हिशेब मांडला. एका चार्जात तुमसरच्या अलीकडंपर्यंत जाईल. भंडाऱ्याच्या पुढं शेठच्या साडूची मिल आहे, तिथं दोन-तीन तास चार्जिंग करायचं, की आंबागड आलंच. कागदावर मोटार आंबागडच्याही पुढं गेली होती.

आता यात जी चूक झाली, ती आमच्यासारखेच लोक करू जाणोत. लांबच्या गावाला जायचं असलं की आमच्याकडं बैलांना आधी आराम देतात. चार-पाच दिवस जू मानेवर ठेवत नाहीत, खाऊ-पिऊ घालतात, की बैल ताजे होतात. शेठनी हुकूम सोडला, "गाडी रातभर चार्ज करा अन् मंग कोणी हात लावू नका. आराम करू द्या तिले." कोणालाच यात वावगं वाटलं नाही. उस्तादलाही नाही. गुरुजी दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलेले. मोटार चार्ज झाली आणि शेडमध्ये ताडपत्री पांघरून आठवडाभर आराम करत राहिली. जुन्या बॅटऱ्या उभ्या उभ्या उतरतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बैल उभ्या उभ्या थकत नाही ना.

मंडईच्या दिवशी पहाटे निघालो. वजन कमी ठेवा, असं गुरुजी बजावून गेले होते. बायकोनं आणलं काय? नव्या धानाच्या तांदळाची पिशवी, चिवड्याचा डबा, अनारसे, आईसाठी लुगडं आणि एक भलामोठा कोहळा.

"कोहळा ठेवून दे."

"मायच्या वावरात असा कोहळा होत नाही."

"अवं, गाडी ओढणार नाही."

"मी मांडीवर घेते. मंग गाडीले काय माहीत?"

निघालो. हायवेला लागलो आणि मला एक गोष्ट पहिल्यांदा समजली. इतकी वर्षं मी मोटार चालवली, पण मोटारीत बसून कोणाशी हळू आवाजात बोललो नव्हतो. इंजिन बोलूच देत नाही. या गाडीत चाकाखाली खडा आला तर ऐकू यायचा. बायको भंडाऱ्यापर्यंत बोलत होती. लहानपणी किल्ल्यावर शेळ्या घेऊन जायची ते, बहिणीच्या लग्नात डाळ करपली ते. शेजारच्या बाईचं काय चाललंय तेही निघालं. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि मला यातलं अर्धं माहीत नव्हतं. मधेच विचारी, "मी लई बोलून राहिली का?" मी म्हणायचो, "बोल, पेट्रोल थोडंच जळून राहिलं."

त्रास एकच. आवाज नसल्यामुळं रस्त्यावर बसलेल्या गाई उठत नव्हत्या. हॉर्न वाजवला की दचकून वाकड्यातिकड्या पळायच्या. एक म्हातारबा सायकलवरून पडता पडता वाचला आणि म्हणाला, "भूतासारखा काहून येतं बे मागून?" वैनगंगेच्या पुलावर तिनं थांबवलं, नदीत नाणं टाकलं, हात जोडले. पुलाखाली ढीवर जाळी वाळवत होते, त्यांनी हात हलवला. तिनंही हलवला.

भंडारा ओलांडलं आणि बॅटरीचा काटा खाली यायला लागला. मी तिला बोललो नाही. पण मघापासून मागं पडणारी झाडं आता हळू मागं पडत होती, ते तिलाही दिसत होतं. साडूच्या मिलला पोचलो तर मिल गपगार. मुनीम बाहेर खाटेवर. "लाइन सकाळपासूनच नाही. डीपी जळली. मेकॅनिक मंडईले गेला."

तिथं बसून राहिलो. लाइन काही आली नाही. ऊन वर चढलं. बायको कोहळा मांडीवर घेऊन गाडीतच बसलेली. मी म्हणालो, "परत फिरलो तर लाखनीबी येत नाही अन् पुढं गेलो तर आंबागडबी येत नाही."

"कोठंच येत नाही तर पुढंच जाऊ."

गेलो. तुमसरच्या अलीकडं मोटार बैलगाडीच्या चालीवर आली. मागून एक बंडी आली, आमच्या बाजूनं पुढं निघाली. बंडीवाला वाकून म्हणाला, "काय भाऊ, ढेप खाऊ नाही घातली का हिले?" बंडीतली पोरं खिदळली. मला इतकी लाज आयुष्यात आली नव्हती. ड्रायव्हरला बंडीनं ओव्हरटेक करायचं!

बायको म्हणाली, "बैल दमला तर तुमी काय करता?"

"सोडतो. सावलीत बसवतो."

"मंग सोडा ना हिले."

"ही बैल आहे का?"

"शेठनं तर हिले बैलावानीच आराम देला होता आठवडाभर. आता कायले लाज?"

मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली. दशम्या खाल्ल्या, चटणी खाल्ली, ती जरा आडवी झाली. तासाभरानं उगीच चावी फिरवली. मोटार निघाली! फार नाही, पण पुढच्या गावापर्यंत बरी चालली. पुन्हा दमली, पुन्हा झाड पाहिलं. दमलेल्या बॅटरीत आरामानं थोडा जीव परत येतो, हे गुरुजींनी मग समजावलं. पण त्या दिवशी ही वैद्यकी बायकोचीच. झाड तीच निवडायची. "हा पळस नोको, सावली पातळ आहे." मी म्हणालो, मोटारीला ऊन लागते का? म्हणाली, "मले लागते ना."

तुमसर ओलांडलं तेव्हा उन्हं उतरत होती. पुढं किल्ल्याचा डोंगर दिसला आणि ती सीटवर पुढं सरकली. एकटक समोर. गावाच्या अलीकडं एक चढाव आहे. त्या चढावाच्या मध्यावर मोटारीनं मान टाकली. या वेळी आरामही चालला नाही. गावातून दंडारीच्या ढोलकीचा आवाज ऐकू येत होता, इतकं जवळ.

मी म्हणालो, "चल, पायी जाऊ. गाडी राहू दे."

ती उतरेना. "मी मोटारीत आली. मी मोटारीतच जाईन. मायले सांगायचं आहे."

मंडईला जाणाऱ्या कोणीतरी गावात निरोप नेला. थोड्या वेळानं साळा आला धावत, मागं त्याचे दोन बैल, दिवाळीची शिंगं अजून रंगवलेली, गळ्यात घुंगरं. साळा मोटारीकडं पाहून म्हणाला, "भाऊजी, बैल नाही जुपल्या जाणार मोटारीले. जीप दिसली तर दावं तोडतात."

"जुपून तर पाहा."

बैल आणले. दोघांनी मोटार हुंगली, जशी बायकोनं हुंगली होती तशीच. वास नाही, धडधड नाही. एकानं बॉनेटवर जीभ फिरवली. दोराला बांधले आणि निघाले मुकाट्यानं. मी स्टिअरिंग धरून, ती बाजूला कोहळा घेऊन, समोर बैलांच्या शेपट्या. मंडई सोडून सगळं गाव आमच्याकडं पाहायला आलं. त्या रात्री दंडारीतल्या सोंगाड्यानं आम्हाला सोडलं नाही. दोन माणसं वाकवली, त्यांच्यावर बसून विडी ओढत म्हणाला, "माही मोटार पेट्रोल पीत नाही, कडबा खाते." माझी बायको बायांमध्ये बसून इतकी हसली, की तिचा आवाज मला पुरुषांच्या बाजूला वेगळा ओळखू आला.

पण त्याच्या आधी घरासमोर. सासूला बाहेर आणून उभं केलं. दिसत तर नव्हतंच. तिनं हातानं मोटार चाचपली, मग लेकीचं तोंड धरलं, जवळ घेऊन हुंगलं.

"ओकली नाही तू?"

"नाही, माय."

"सारा रस्ता?"

"सारा रस्ता."

सासूनं तिचा चेहरा हातातून सोडलाच नाही. मी कोहळा उतरवून आत नेऊन ठेवला. तेवढंच काम होतं मला तिथं.

आंबागडला धान कांडायची लहान चक्की होती, तिथं मोटार चार्जिंगला लावली. होल्टेज असं, की दिवा लावला तर काडी पेटवून पाहावं लागे लागला का. म्हणून चार्ज व्हायला बरेच दिवस लागले. बायकोनं एकदाही विचारलं नाही की झाली का. मीच लपून काटा पाहायचो आणि तिला सांगायचो, "नाही झाली अजून." झालेली असतानाही एक दिवस सांगितलं.

परतीला भंडाऱ्यात लाइन होती. लाखनीला पोचलो तेव्हा तिघंही हॉटेलात बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि भांडण सुरू.

"बैलांनी आणली," उस्ताद म्हणाला. "गाडी नहीं पहुँची. बैल पहुँचे."

"शास्त्रीयदृष्ट्या नव्वद टक्क्यांहून जास्त अंतर तिनं स्वतः कापलं," गुरुजी म्हणाले. "आणि तुम्ही तिला आठवडाभर झोपवली नसती तर पूर्ण कापलं असतं."

"मी का झोपवली? शेठनी झोपवली."

शेठ मोटारीभोवती एक चक्कर मारून आले. गाडी ठेवायची की परत, ते त्यांच्या तोंडावर अडलं होतं, आणि मला कळत होतं की तोंड कुठं वळतं त्यावर पुढच्या मंडया आहेत.

बाया त्या हॉटेलसमोर थांबत नसत. माझी बायको मोटारीचं दार उघडून उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि तिघांसमोर जाऊन उभी राहिली.

"शेठजी, मले सांगा. मी आंबागडले पोचली का नाही?"

"पोचली, बाई."

"मंग गाडी पोचली."

उस्तादनं चहाचा कप खाली ठेवला. मग उठला, शेजारच्या पानठेल्यातल्या देवाच्या फोटोवरचा झेंडूचा हार काढला, पानवाला ओरडत राहिला, आणि मोटारीच्या आरशाला अडकवला. "भाभी बोल रही है तो बात खतम."

शेठनी मोटार ठेवली. आम्ही अजून दोन मंडया केल्या तिच्यात, चार्ज करून लगेच निघायचो, आराम न देता. मग बॅटऱ्या मेल्या आणि नव्यांची किंमत ऐकून शेठनी हात जोडले. तोवर सासूही गेली होती. मोटारीत मिलच्या कोंबड्या अंडी घालायच्या. गाडी म्हणून कोणाला ती खोटी वाटली असेल, मला नाही वाटली. आता लाखनीत बॅटरीचे रिक्षे फिरतात, आवाज न करता मागून येतात. मी वळून पाहतो. गुरुजी असते तर किती बोलले असते.

उस्तादनं हार घातला त्या संध्याकाळी हॉटेलवरून घरी गेलो. मी सवयीनं अंगणात थांबलो, कपडे काढायला लागलो. ती घंगाळाजवळून पुढं गेली, कुलूप उघडलं, आणि दारातून मागं पाहिलं.

"बाहेर काहून उभे? या ना आत."